शनिवारचा दुभाष्या

“बंद पडलं,” बाबा म्हणाले. तिने फोन पहिल्याच घंटेला उचलला होता.

“काय म्हणतंय?”

“काही म्हणत नाही, तोच तर वांधा आहे. चालू होतं, बघता बघता गायब झालं. तुझा दुभाष्या रुसलाय पुन्हा.”

तिने चिरायला घेतलेली भाजी बाजूला सारली, हात पुसले आणि खुर्ची ओढली. शनिवारची सकाळ होती. दहा नुकतेच वाजून गेले होते.

बाबांनी बँकेत परकीय चलनाच्या खिडकीवर आयुष्य काढलं होतं. निवृत्त झाल्यावर ते घरी बसून थोड्याशा पैशांत डॉलर-येनची खरेदी-विक्री करत. फायदा झालाच तर चहापुरता. पण रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते संगणकापुढे असे बसत, जणू समोर रांग लागलीय. संगणक जुना, म्हणून तिने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही हलकी प्रणाली टाकली होती. व्यापाराचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजसाठी लिहिलेलं. दोघांची भाषा वेगळी. मग मध्ये आणखी एक प्रोग्रॅम बसवावा लागला, याचं त्याला आणि त्याचं याला समजावून सांगणारा. “म्हणजे दुभाष्या,” बाबा तेव्हा म्हणाले होते. तेच नाव पडलं.

“काळी खिडकी उघडा. मी सांगते ते टाइप करा.”

“थांब, चष्मा.”

तिला इथूनच त्यांच्या संगणकात शिरून क्षणात सगळं सरळ करता आलं असतं. पण आपल्या पडद्यावरचा बाण दुसऱ्याच्या हाताने फिरलेला बाबांना खपत नसे. म्हणून ती एकेक अक्षर सांगे आणि ते एका बोटाने ठोकत.

“आता मध्ये जागा सोडा.”

“किती?”

“एकच, बाबा.”

“चेकवर अशी जागा सोडली असती ना, तर कोणीतरी त्यात शून्य घालून मोकळा झाला असता.”

“लिहून का नाही ठेवत? दर वेळी तेच तर असतं.”

“राहील आता लक्षात.”

राहत नसे. सही पाहून खातेदाराचं नाव सांगणाऱ्या माणसाला चार शब्द आठवडाभर सांभाळता येत नव्हते.

पडद्यावर चक्र फिरू लागलं. सॉफ्टवेअर उघडायला वेळ घेई. तेवढ्यात काय ते इकडचं तिकडचं बोलणं होई.

“जेवलीस?”

“बाबा, आत्ता कुठे दहा वाजलेत.”

“तरी पण.” जरा थांबून, “खोकला?”

“गेला. तुमचा गुडघा?”

“आहे जागच्या जागी. हं, उघडलं बघ. ठेवतो.”

आणि ठेवलाही.

मंगळवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

ती आली. आलेगेले पांगले. शनिवारी सकाळी तिचा मोठा भाऊ बाबांच्या संगणकापुढे बसला. खातं बंद करण्याआधी आत काय काय आहे ते पाहायला हवं होतं. ती त्याच्यामागे उभी होती.

“दादा, चहा घेऊया आधी. हे मी बघते नंतर.”

“थांब गं, होतंच आहे.” चक्र फिरलं, सॉफ्टवेअर मुकाट उघडलं. दादा हसला. “बघ, कसं शहाण्यासारखं चाललंय. एक सांगू? रागावू नकोस.”

“सांग.”

“हे कधी बिघडलेलंच नव्हतं. मी किती वेळा म्हटलं, नवा संगणक आणून देतो, ही दर आठवड्याची कटकट नको. तर म्हणायचे, ‘याला काय धाड भरलीय?’ आणि बंद कधी पडायचं? शनिवारी. चलनाचा बाजार शनिवारी बंद! पाच दिवस सुरळीत, आणि दमडीचं नुकसान होणार नाही नेमकी त्याच दिवशी मान टाकायची. यंत्राला वार कळतो होय?”

ती पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होती.

“आई होती तोवर फोन आई लावायची आणि बाबा मागून ओरडायचे, ‘खोकला विचार, खोकला!’ आई गेली आणि तुम्हा दोघांची तोंडं शिवल्यासारखी झाली. ना यांचा फोन, ना तुझा. मग हे लिनक्स आलं. बाबाच पाडायचे गं बंद. मुद्दाम. तुझ्याशी बोलायला निमित्त हवं होतं म्हाताऱ्याला. तुला कधी शंका नाही आली?”

“नाही. हे नव्हतं आलं मनात.”

“मला हेवा वाटायचा, खरं सांगतो. मी इथेच, एका हाकेवर. माझ्याशी काय बोलायचे, तर ‘दिवा मालव’.”

तिने कळफलकाकडे हात नेला, बोटं अधांतरी राहिली, आणि तिने तो मागे घेतला.

दादा खुर्ची मागे सारून उठला. खिडकीशी जाऊन त्याने नाक पुसलं. टेबलावर बाबांचा चष्मा घडी घालून ठेवलेला होता. त्याच्या शेजारी, हात लांब न करता उचलता येईल असा, त्यांचा फोन. पडद्यावरचे आलेख काल रात्रीच्या भावावर थिजले होते.

दहा वाजले. आलेख एकदा लुकलुकले आणि सगळं गायब झालं.

दादाने वळून पाहिलं. पडद्याकडे, मग तिच्याकडे. “अगं, आपण तर हातही नाही लावला!”

ती बाबांच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली.

“मीच सांगून ठेवलं होतं दुभाष्याला, बाबा,” ती मोठ्याने म्हणाली. “दर शनिवारी दहाला बंद पड म्हणून. एरवी तुम्ही मला फोन कधी केला असता?”