दिव्याखालची वाळवी

आमच्या मलावीतल्या गावात सौरदिवे आले आणि तिकोंदानेच्या घरातली रॉकेलची चिमणी गेली. धूर संपला, लेकीचा खोकलाही थांबला. पण यंदा पोर मलूल झाली, म्हणून तिच्या अंगात ताकद यावी यासाठी आई तिकोंदाने पावसाळाभर तिला उडती वाळवी भाजून मक्याच्या पिठाच्या घट्ट न्सिमाबरोबर भरवत राहिली. संध्याकाळी दिव्याखाली पाणी ठेवलं की वाळवी त्यात हवी तेवढी पडते.

दवाखान्यात पोरीचं रक्त तपासून नर्सबाई म्हणाल्या, "हिच्या अंगात शिशाचं विष भिनलंय. काय गं, दिव्याची जुनी शिशाची बॅटरी कुठे टाकलीस?"



"एवढं चांगलं खोकं टाकतंय कोण, बाई? फोडून आतलं सगळं काढलं, राखेनं घासलं. वाळवीचं पाणी त्यातच तर ठेवते!"