करवल्याचे हात

"अजून घास," निलेश मागच्या दारातून म्हणाला. "बोटांच्या फटीत बघ. पिवळं काय राहता कामा नाय."

अनिताने मोरीवर बसून मुलाचा, हितेशचा उजवा हात मांडीवर घेतला होता. काल याच हातांना तिने हळद लावली होती. धाकट्या दिराचं लग्न, पुतण्या करवला. नवरदेवाची उष्टी हळद आधी करवल्याला. तिने कोपरापर्यंत माखली, तेव्हा सतरा वर्षांचं पोर गुदगुल्या होतात म्हणून लहान मुलासारखं हसत होतं.

आता तो हात ढिला सोडून बसला होता. तोंडाला दारूचा वास येतच होता.

गाडी पुलावर होती, पोलिसांच्या ताब्यात. गाडीने ज्याला उडवलं तो हिरामण, सायकलवरून पहिल्या शिफ्टला निघालेला कामगार, रोह्याच्या दवाखान्यात होता. दोन्ही पाय मोडलेत, शुद्ध नाही, एवढंच कळलं होतं. हितेश गाडी तिथेच टाकून अष्टमी गावातल्या घरापर्यंत पळत आला होता. मग गाडीच्या नंबरावरून पोलिसांनी निलेशला फोन लावला. येतोच आहोत, म्हणाले.

मांडवाबाहेर वऱ्हाडाची बस उभी होती. पेणला मुलीकडचे वाट बघत असतील.

"वकिलाशी बोललो," निलेशने आवाज खाली घेतला. "पोरगा अठराच्या आतला असला तर गाडीच्या मालकाला धरतात. बापाला. तीन वर्षांपर्यंत. मग कंपनी मला दारात तरी उभी करंल काय? आणि ह्याला पंचविशीपर्यंत लायसन नाय. दारूची केस वेगळीच. त्यापेक्षा गाडी जगन चालवत होता म्हणायचं. त्याला लायसन हाय, तो थेंब घेत नाय. तपासू दे रक्त."

जगन, निलेशचा भाचा, पायरीवर बसला होता. गळ्यातल्या तुळशीच्या माळेचे मणी बोटांनी चाचपत होता.

"एवढी वर्षं तुझ्या माळेची मस्करी केली रे," निलेश हसल्यासारखं करत म्हणाला. "आज तीच कामाला आली बघ."

"मामा," जगन म्हणाला, "माळ घालून खोटं बोलू, की काढून ठेवू?"

निलेशने मांडवाकडे वळून पाहिलं.

"स्टिअरिंगला हळद लागलीय, बाबा," हितेश म्हणाला. "सगळीकडं."

निलेश आत गेला आणि कालची वाटी घेऊन आला. तळाशी ओली हळद उरली होती. ती त्याने अनिताच्या पुढ्यात ठेवली.

"ह्याची धू, आणि जगनला लाव. दोन्ही हातांना. चल, चल गो."

अनिताने वाटीकडे पाहिलं. मग घाईने कपड्याची साबणवडी उचलून मुलाच्या तळव्यावर फिरवली. हळद निघायची सोडून लाल झाली. साबणाने हळद लाल होते, हे तिला काय ठाऊक नव्हतं? तरी ती घासत राहिली. लाल पाणी मोरीच्या भोकाकडे निघालं.

हितेश त्या पाण्याकडे बघत होता.

"आई, ते काका पडल्यावर मला हाक मारत होते. थांब रे बाळा, म्हणाले."

तिचा हात थांबला.

"मी नाय थांबलो."

काल रात्री तिच्या भावाने हितेशसाठी ग्लास भरला, तेव्हा निलेशच म्हणाला होता, करवला कोरडा कसा राहील? सगळे हसले. ती म्हणाली होती, पुरे हां, आणि भात बघायला आत गेली होती. पहाटे चावीही निलेशनेच फेकली होती. जा, दूध घेऊन ये, मोठा झालास आता. ती तेव्हा चुलीशी होती. तिने ऐकलं होतं.

बाहेर जीप थांबली.

"लवकर," निलेश म्हणाला आणि मांडवात गेला. जगन वाटीजवळ येऊन उकिडवा बसला. दोन्ही हात त्याने तिच्यापुढे धरले.

"लाव, मामी. तू सांगशील तसं."

अनिताने नळ बंद केला. हितेशचे हात पदराला पुसले, एकेक बोट, तो शाळेत जायचा तेव्हा पुसायची तसे. मग त्याला मनगटाला धरून उठवलं. वाटी तिथेच राहिली.

मांडवात साहेब विचारत होते, "गाडीवर कोण होतं?"

"माझा भाचा, साहेब. जगन. आत हाय, बोलावतो..."

"हा होता," अनिता म्हणाली.

"अनिता!"

"माझा मुलगा, साहेब. हितेश." त्याचं मनगट तिने सोडलं नाही. "पिऊन होता. इथंच प्यायला, आमच्या समोर. ह्याला घेऊन जाताना मला पण घ्या. तो एकटा नाय जाणार."

साहेबांनी पोराचे लाल पडलेले हात पाहिले.

"वय?"

"सतरा."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मग निलेशकडे वळले.

"आणि चावी कोणी दिली?"

निलेशने हळदीच्या वाटीने पिवळे झालेले दोन्ही हात पाठीमागे घेतले. ते धुवायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.