विनोदाची वेळ

“फ्लिपंट! फेसीशस! टॅक्टलेस!” प्रिन्सिपल मॅडम माझ्याकडे बोट दाखवून आईला सांगत होत्या. मॅडमना मराठी येत नाही, आईला इंग्रजी. मग दुभाषी मीच!

“काय म्हणतायत गं?”

“मी अवेळी विनोद करते म्हणे. त्याला इंग्रजीत तीन तीन शब्द आहेत, आई!” तिन्हींत फरक काय, हे मी मॅडमना मनापासून विचारलं. उत्तर आलं, की गॅदरिंगचं सूत्रसंचालन आता दुसरी मुलगी करणार. माझं तोंडच उतरलं.

“पण तू बोललीस काय?”

“काल नव्या वॉटर कूलरचं उद्घाटन होतं ना? पाहुण्यांनी फीत कापली, नळ सोडला, तर पाणीच नाही! माइक माझ्या हातात. म्हटलं, आज कूलरचं उद्घाटन झालं, पाण्याचं पुढच्या वर्षी करू.”

आईने ओठ दाबून हसू आवरलं. दाराबाहेर, हार घातलेल्या कूलरपाशी मुलं रिकाम्या बाटल्या घेऊन उभी होती.

“विचार त्यांना, हा विनोद पाणी आल्यावर करायचा होता का?”

मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला. मॅडमनी कूलरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चौथा शब्द काही त्यांना सापडेना.