मधे बोलणारी बाई

काचबिंदूनं नजर गेलेल्या सासऱ्यासाठी, दुधरामसाठी, संध्यानं तासभर खटपट करून टीव्हीवर ती सोय सुरू केली होती. पडद्यावर जे दिसेल ते एक बाई सांगत जायची. आज सारसांची फिल्म लागली.

"दोन सारस पाण्यात उभे आहेत," बाई म्हणाली.

"पोरी, ह्या बाईले चूप कर," दुधराम म्हणाला. "पाखरं बोलून राहिले, अन् हे मंधातच बोलते."

संध्याला लागलंच ते. तरी तिनं सेटिंगमध्ये जाऊन बाईचा आवाज बंद केला.

दुधरामनं मान कलती केली. कितीतरी पावसाळे त्याच्या धानाच्या बांधीत सारसांचं घरटं असायचं. तेवढ्या जागेत निंदायलाही तो कुणाला जाऊ देत नसे.

"मांगं गवतात पिल्लं आहेत," तो म्हणाला. "दोन."

"मामाजी, पिल्लं कुठंच नाही दिसत. मोठे दोघंच आहेत."

"थांब थोडी."

गवत हललं. एक पिल्लू बाहेर आलं आणि आईच्या पायांशी जाऊन उभं राहिलं. मग बराच वेळ नुसतं पाणी.

रिमोट बाजूला ठेवून संध्या दुसऱ्याची वाट पाहत बसली.