तीन झाकणं, तीन बाटल्या

"वास घ्या," असं म्हणून बाईंनी काचेची बरणी टेबलावर आपटली.

तपासनीसाने नाक पुढे केलं नाही. निवृत्त शिक्षिकेच्या झिजलेल्या चपलांपासून चष्म्यापर्यंत त्याने एकदा नजर फिरवली आणि पंपमालकाकडे बघून तो हसला. मालकही हसला.

"बाई, पेट्रोल पंपाच्या ऑफिसात पेट्रोलचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार?"

"माझ्या आडाचं पाणी आहे हे. पंपाच्या मागेच घर आहे माझं. यांच्या टाक्या जमिनीत गळतायत. गल्लीतल्या चार घरांनी पाणी प्यायचं सोडलंय."

"बरणीला सील आहे? तारीख आहे? उद्या कोणीही उठेल, बरणीत काहीही भरून आणेल आणि सरकारला म्हणेल, घ्या वास!"

"मग तुम्ही तपासा."

"तेच करतो. त्यासाठी तीन विहिरी आहेत."

विहिरी नावाच्याच. गळती कळावी म्हणून टाक्यांभोवती जमिनीत उभे गाडलेले तीन पाइप, वर लोखंडी झाकणं. दर सहा महिन्यांनी त्यांतलं पाणी प्रयोगशाळेत जायचं आणि दर सहा महिन्यांनी निर्मळ ठरायचं.

"आधी आतलं जुनं पाणी उपसायचं," तपासनीस पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगू लागला. "अर्धा तास थांबायचं. नवं पाणी झिरपून आलं की मग बाटली भरायची. शास्त्र आहे हे, बाई. भांडी विसळणं नव्हे."

"मग भरा की माझ्यासमोर."

"सकाळीच भरलंय. तुम्ही घोरत होतात तेव्हा."

त्याने गाडीतली पेटी आणून उघडली. बर्फात तीन बाटल्या, प्रत्येकीला सील, प्रत्येकीवर चिठ्ठी: विहीर एक, विहीर दोन, विहीर तीन. बाईंनी वाकून तिन्ही चिठ्ठ्या वाचल्या.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

"मंगळवारी कचेरीत आमच्या साहेबांपुढे सुनावणी आहे. अहवाल आला की तुमची बरणी आणि तुमची तक्रार, दोन्ही पिशवीत घालायची आणि घरी जायचं. कायमचं."

बाई गेल्या. मालकाने चहा मागवला. तिसऱ्या झाकणावर जुन्या टायरांची चळत रचलेली होती, ती तपासनीसाला बसायला बरी पडायची. चळतीवर पाय पसरून त्याने चहा ओढला.

"काय एकेक नमुने असतात," मालक म्हणाला.

"नमुने गोळा करायचाच तर पगार मिळतो मला."

दोघेही खिदळले.

तपासनीसाचं घर बाईंच्या गल्लीच्या खाली, उताराच्या टोकाला होतं. दुपारी तो जेवायला घरी आला, तर मुलगी हंड्याकडे पाठ करून बसलेली. तिला सातवा महिना होता.

"सकाळपासून घोटभर पाणी नाही हिच्या पोटात," बायकोने आल्या आल्या सुरुवात केली. "म्हणते, पाण्याला वास येतो. आणि तुम्ही ती पेटी भरायच्या नादात सगळा ओटा ओला करून गेलात. घसरून कंबर मोडली असती माझी!"

ओट्याचं त्याने कानाआड केलं. मुलीपुढे जाऊन उभा राहिला.

"कसला वास?"

"पंपावर उभं राहिल्यासारखा येतो, बाबा. आठवडा झाला."

त्याच्या कपाळाची शीर तटतटली. दोन तासांत दुसऱ्यांदा त्याला कुणीतरी पाण्याबद्दल शिकवत होतं, आणि तेही त्याच्याच घरात.

"त्या बाईंच्याच वर्गात होतीस ना तू? अजून त्यांचाच धडा गिरवतेस! आपल्या घरची बोअर आहे ही. बावीस वर्षं पाण्यात गेली माझी. तुझं नाक शहाणं की तुझा बाप?"

"मळमळतं हो, बाबा."

"दिवस गेले की सगळ्यांनाच मळमळतं. त्यात पाण्याचा काय दोष?"

त्याने पेला काठोकाठ भरला, तिच्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलला नाही. तिने डोळे मिटून, नाक दाबून पाणी संपवलं.

"डॉक्टरांनी दिवसाला दहा पेले सांगितलेत," तो बायकोला म्हणाला. "मोजून पाज. नखरे चालू द्यायचे नाहीत."

मंगळवारी तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेला. बाईंना ऐकवायचं वाक्यही त्याने वाटेत घोळवून ठेवलं होतं. बाई कोपऱ्यातल्या बाकावर बरणी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मालक साहेबांच्या समोरच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून.

साहेबांनी पाकीट फोडलं. वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"तिन्ही बाटल्यांत पेट्रोलचा अंश आहे. बेंझिन मर्यादेच्या चाळीस पट." त्यांनी कागद खाली ठेवला. "तिन्हींचे आकडे अगदी सारखे. हे पाणी कुणी पीत असेल, तर आजच्या आज थांबवा. लहान मुलं असतील, गरोदर बायका असतील, त्यांना आधी दवाखान्यात न्या. आणि पंप आत्तापासून बंद."

बाईंनी बरणीचं झाकण आणखी घट्ट आवळलं.

मालकाची खुर्ची मागे कलंडली.

"खोटं आहे हे! साहेब, यालाच विचारा! झाकणांना कुलपं आहेत आणि किल्ल्या माझ्या गल्ल्यात आहेत. पाच वर्षांत एकदा मागितल्या असतील तर शपथ! तिसऱ्यावर तर टायर रचलेत माझे!"

खोलीत सगळे तपासनीसाकडे वळले.

"मग हे पाणी कुठलं?" साहेबांनी विचारलं.

तपासनीसाने फोन कानाला लावला होता. पलीकडे बायकोने लगेच उचलला.

"अहो, काळजी करू नका," ती म्हणाली. "तुमचा चांगलाच धाक बसलाय. रडत का होईना, पण आत्ताच सहावा पेला संपवला तिने."