भुऱ्याची भाकर

नाल्याच्या पाण्यापाशी सरकारी कुत्रा थांबला. एक गोल फिरला आणि बसला. अलीकडच्या वाळूवर रक्ताचे थेंब होते, पलीकडे काही नाही. काल दिवस बुडताना कोणीतरी चितळावर गोळी झाडली होती आणि जखमी जनावर लंगडत इथवर आलं होतं.

जंगलखात्याच्या नाकेदारानं दुलीचंदचा दंड धरून ठेवला होता. दुलीचंद काल त्याच बाजूला लाकडं तोडायला गेला होता. हे नाकेदाराला सांगितलं होतं शेवंताबाईनं. चार माणसांत, आवाज चढवून.

"तुमचं कुत्रं पगारी हाये," ती म्हणाली. "पाणी पाहून बसलं. आता माह्या भुऱ्याचं पाहा."

भुऱ्या तिच्याच हातचा शिकलेला. चुकलेली शेळी असो, बिबट्यानं ओढून नेलेलं करडू असो, तो धुंडून द्यायचा. सापडलं की जागेवर उकरायचा. मग ती पदरात बांधलेल्या भाकरीचा तुकडा मोडून त्याच्यापुढे टाकायची. उगाच उकरलं तर पेकाटात लाथ. भुऱ्यानं फुकटची भाकर कधी खाल्ली नाही, हे तिनं कटंगीच्या बाजारापर्यंत मिरवलं होतं.

तिनं रक्ताची वाळू त्याच्या नाकाशी धरली. भुऱ्या पाण्यात उतरला, पलीकडे निघाला आणि कुठंही न अडखळता गावाकडे वळला. मागे सगळे लोक. सर्वांच्या पुढे शेवंताबाई, दुलीचंदच्या घराकडे बोट दाखवत. भुऱ्या ते घर ओलांडून गेला. तिच्याच अंगणात शिरला, भाताच्या तणसाच्या गंजीपाशी थांबला आणि उकरू लागला.

तिचा मोठा लेक तेजराम दारातून धावत आला. "माय, उंदीर असन. हाकल त्याले."

तिनं लेकाकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली. काल रात्री त्यानं बाजारातला बोकड म्हणून मटण आणलं होतं. भुऱ्याही त्याच्याच सोबत परतला होता, पाय ओले, पोट तट्ट भरलेलं. तिनं दोनदा वाढून घेतलं होतं. आज सकाळी शेजारणीपाशी चवीची तारीफही केली होती. ते मटण बोकडाचं नव्हतं.

नाकेदार कधी गंजीकडे पाही, कधी तिच्याकडे. गावातलं कुत्रं, उंदरामागेही उकरतं. दुलीचंदचा दंड त्यानं अजून सोडला नव्हता.

"अम्मा, चूहा है क्या?" त्यानं विचारलं.

नुसतं हौ म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळं गाव तिच्या पायाकडे पाहत होतं, लाथ कधी उठते म्हणून. भुऱ्यानं उकरणं थांबवलं आणि शेपूट हलवत तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

शेवंताबाईनं मान वर न करता पदराची गाठ सोडली. या वेळी तुकडा मोडला नाही. अख्खी भाकर तिनं भुऱ्यापुढे ठेवली.