जीभ वर कर

मुलगा काय काय घेतो, असं हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा आईने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून पुढे केलं. झोपेच्या गोळ्या. डॉक्टरांनीच दिलेल्या, रात्री जेवणानंतर एक. एकदाही चुकलेली नाही, हे तिने न विचारता सांगितलं.

चुकणार कशी? मध्यंतरी बाल्कनीतल्या कुंडीत गोळ्या सापडल्या, तेव्हापासून तिचा मुलावर आणि कुंडीवर दोघांवरही विश्वास उरला नव्हता. ती स्वतः गोळी द्यायची, पाणी प्यायला लावायची आणि म्हणायची, "जीभ वर कर." छापखान्यात मशीन चालवणारा, दाढीत पांढरे केस आलेला तो बाप्या निमूट जीभ वर करायचा. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या बाईच्या नजरेतून उसवलेला टाका सुटत नसे, मग गोळी कुठली सुटायला.

"आणखी काही? नशेचं?"

ते त्याने केव्हाच सोडलं, असं आई ठामपणे म्हणाली. दाराशी त्याचा छापखान्यातला जोडीदार उभा होता. सकाळी मुलगा हलवूनही उठेना, तेव्हा तिने त्यालाच बोलावून घेतलं होतं. तो नखांतली शाई खरवडत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला की, काल पाळी सुटल्यावर दोघांनी गर्दची पुडी घेतली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"पण दोन्ही एकत्र चालत नाही, हे ठाऊक होतं त्याला, मावशी. निघताना म्हणाला, आज गोळी घेणार नाही. आईला सांगेन काहीतरी."

डॉक्टरीणबाईंनी आवाज उतरवून समजावलं. दोन्हींनी श्वास मंदावतो. एकत्र आल्यावर तो थांबायलाच आला. आता यंत्र लावलंय. शुद्धीवर येईल की नाही, हे आज सांगता येत नाही.

आई पाकिटाकडे बघत राहिली. केलेला हट्ट आता कुणाला परत करायचा, ते तिला कळेना.

"सांगितलं होतं त्याने," ती म्हणाली. "दोनदा म्हणाला, आज नको गं. मला वाटलं, नेहमीचीच नाटकं."

तिला थोडा वेळ आत जाऊ दिलं. मुलाच्या तोंडात नळी होती, गालाला चिकटपट्टीने पक्की केलेली. ओठ जरासे उघडे राहिले होते. सवयीने तिची नजर आधी तिथेच गेली.

मग तिने त्याच्या कानाशी वाकून हळूच म्हटलं, "नको तर नको, राजा. आज नको घेऊस."